वाऱ्याला बाहेरची वाट

पूर्वीच्या घरांत चुलीच्या बरोबर वर, कौलांच्या ओळीत, एक धुराडे राखलेले असे. दिवाळीच्या दिवसांत चकल्या-कडबोळ्यांची कढई चढली की त्या धुराड्याचे महत्त्व घरातल्या लहानथोरांना कळे. पुढचे दार सताड उघडे असो, परसदार उघडे असो; पावसाळ्यात बुजवलेले धुराडे जर तसेच राहून गेले असेल, तर धूर घरभर कोंडे आणि तळणारीच्या डोळ्यांना धारा लागत. पुरुषमंडळी वारा येईना म्हणून दार आणखी उघडू पाहत. घरातली म्हातारी मात्र काठी घेई आणि वरचे गोणपाट ढकलून देई. नवा वारा आत यायचा तर जुन्याला आधी बाहेर जायला वाट हवी, हे तिला कोणी शिकवलेले नसे.

मोटारीच्या इंजिनावर जे झाकण असते, ज्याला आपण बॉनेट म्हणतो, त्याच्या इतिहासात मला नेहमी ही म्हातारी दिसते. वेगवान मोटारींच्या बॉनेटवर झरोके, फटी, झिलमिली दिसतात. पुष्कळांना ती निव्वळ शोभा वाटते, आणि हल्लीच्या कित्येक गाड्यांवर ती शोभाच असते. खालून बंद असलेली प्लॅस्टिकची जाळी नुसती वर चिकटवलेली असते. परंतु खऱ्या झरोक्यामागे मोठी हकिकत आहे. तिच्यात शर्यती आहेत, भाजलेली माणसे आहेत आणि एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा हट्टही आहे.

मुळात इंजिन ही एक भट्टीच. जाळलेल्या पेट्रोलाच्या शक्तीपैकी साधारण तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली सारी शक्ती उष्णता होऊन काही धुराबरोबर आणि काही इंजिनाभोवतीच्या पाण्यात जाते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याची तीनचाकी मोटार हाकीत मानहाइमहून माहेरी फोर्झाइमला गेल्या. शंभर किलोमीटरांहून थोडी अधिक वाट! त्या गाडीत पाणी थंड करण्याची सोयच नव्हती. पाणी उकळायचे, वाफ होऊन उडायचे आणि बाई वाटेत जिथे मिळेल तिथे पुन्हा भरायच्या. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास हा एका अर्थी पाण्याच्या शोधात झालेला प्रवास होता.

हा शोध थांबवला विल्हेल्म मायबाख याने. १९०१ च्या पहिल्या मर्सिडीज मोटारीपुढे त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी नळ्या होत्या, आणि किती, तर ८०७०! नळ्यांतून वारा, नळ्यांच्या भोवती पाणी, आणि मागे वारा ओढायला पंखा. पूर्वी अठरा लिटर पाणी लागे, तिथे आता नऊ लिटरांत भागू लागले. त्या दिवसापासून मोटारीला तोंड आले. आजही आपण लांबून गाडी ओळखतो ती या तोंडावरून.

पण तोंड आले तरी नाक कुठे होते? वारा रेडिएटरमधून आत शिरला, तापला, आणि बंद बॉनेटखाली अडकला. खालून जमिनीकडे जी काही फट असेल तिच्यातून तो धक्के खात निघे. म्हणून १९२० च्या सुमाराच्या आणि त्यानंतरच्या शर्यतीच्या गाड्यांची चित्रे पाहा. बुगाटी घ्या की बेंटली घ्या, बॉनेटवर चिरांच्या रांगाच रांगा दिसतील. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना झिलमिली असत ना, तशाच. पत्रा एका कडेने कापायचा आणि कापलेली कड उचलून धरायची. तोंड मागे, म्हणजे पाऊस आणि धूळ सहसा आत येत नाही. वर चामड्याचा पट्टा आवळलेला. या पट्ट्याचे आणि चिरांचे रूप इतके देखणे ठरले की पुढे गरज नसलेल्या गाड्यांवरही ते आले. कारागिराचा हात चांगला होता. पण चीर नेमकी कुठे पाडायची, हे बहुधा अंदाजावर चाले.

अंदाजाचे शास्त्र झाले ते विमानांमुळे. इंग्लंडात फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन संस्थेत एफ. डब्ल्यू. मेरेडिथ नावाचा संशोधक होता. १९३५ साली त्याने दाखवून दिले की रेडिएटरकडे जाणारा वारा आधी रुंद होत जाणाऱ्या बोगद्यात मंद करावा, मग रेडिएटरमधून न्यावा, आणि तापून फुगलेला तो वारा मागच्या अरुंद तोंडातून जोराने सोडावा. म्हणजे रेडिएटरमुळे होणारा अडथळा पुष्कळसा भरून निघतो. पुढे अमेरिकेच्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली जो रेडिएटर आला, त्याच्या मागच्या तोंडाला उघडझाप करणारी झडप होती. किती वारा आत घ्यायचा ते मागची झडप ठरवी. माझ्या मते थंडाव्याच्या साऱ्या इतिहासातली ही कळीची गोष्ट आहे: दार पुढे, पण किल्ली मागे.

आता मुख्य हकिकतीकडे वळतो.

कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा माणूस. कोंबड्या पाळण्याच्या धंद्यात बुडाला आणि मोटारी हाकण्यात वर आला. १९५९ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत त्याने रॉय साल्वाडोरीच्या जोडीने अ‍ॅस्टन मार्टिन गाडीत जिंकली. त्याला हृदयविकार होता. जिभेखाली गोळी ठेवून तो गाडी हाकी. १९६० मध्ये त्याने शर्यती सोडल्या आणि स्वतःची गाडी काढण्याचा विचार धरला. इंग्लंडात टेम्स डिटन येथे ए.सी. नावाची छोटी कंपनी ‘एस’ नावाची सुरेख, हलकी मोटार बनवीत असे. तिला इंजिन पुरवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीने ते बनवणे थांबवायचे ठरवले होते. गाडी होती, इंजिन नव्हते. शेल्बीने १९६१ मध्ये ए.सी.ला पत्र लिहिले आणि दुसरीकडे फोर्डचे आठ नळकांड्यांचे नवे इंजिन मिळवले. १९६२ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात एका मित्राच्या गॅरेजमध्ये काही तासांत दोहोंचे लग्न लागले. गाडीचे नाव ‘कोब्रा’. पैसा इतका बेताचा की सुरुवातीला एकच गाडी होती. निरनिराळ्या मासिकांचे लेखक तिची परीक्षा घ्यायला आले की दर वेळी तिला नवा रंग देत, म्हणजे गाड्या पुष्कळ आहेत असे वाटावे!

पण लग्न विजोड होते. जिथे दोन लिटरचे इंजिन नांदत होते, तिथे आधी सव्वाचार आणि मग पावणेपाच लिटरचे दांडगे इंजिन येऊन बसले. घर तेच, दारे तीच. शर्यतीच्या कोब्रातून सुमारे ३८० अश्वशक्ती काढीत. तेवढ्या शक्तीच्या निम्मी उष्णता जरी पाण्यात जाते असे धरले, तरी आपल्या घरच्या गॅसच्या सत्तरएक शेगड्या एकदम पेटवून एका ट्रंकेत कोंडल्यासारखे झाले. मग कारागिरांनी कातरी उचलली. पुढच्या चाकांच्या मागे, दोन्ही बाजूंच्या पत्र्याला झरोके पाडले. सुरुवातीच्या कोब्रांना ते नाहीत, नंतरच्यांना आहेत. आज त्या झरोक्यांवाचून कोब्राचे चित्र कोणी काढणार नाही. पुढे कमी दिसले म्हणून नव्हे, तर आतल्या वाऱ्याला वाट हवी म्हणून ते आले.

इथे थोडे थांबून वाऱ्याच्या दाबाचे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढची मौज कळायची नाही. गाडी ताशी शंभर मैल वेगाने जात असताना वारा जिथे समोरून येऊन थडकतो, तिथे त्याचा जास्तीचा दाब काचेच्या नळीतले पाणी सुमारे बारा सेंटीमीटर चढवील. वेग निम्मा केला तर पाणी तीनच सेंटीमीटर चढेल. वेग दुप्पट तर दाब चौपट, असा हा हिशेब आहे. बॉनेटवर मात्र हा दाब सगळीकडे सारखा नसतो. नाकाच्या वळणावरून वारा पळत वर चढतो, तिथे दाब घटतो. जणू कोणी वरून शोषून घेत आहे. पुढे तोच वारा समोरच्या काचेच्या पायथ्याशी आपटतो, साचतो, आणि तिथे दाब वाढतो. म्हणजे बॉनेटच्या पुढच्या भागात भोक पाडा, आतला गरम वारा बाहेर ओढला जाईल. काचेच्या पायथ्याशी भोक पाडा, बाहेरचा वारा आत घुसेल. एकच पत्रा, हातभर अंतर, आणि परिणाम अगदी उलटे!

शेव्हरोलेच्या १९६९ च्या कॅमारो गाडीला असे एक बॉनेट मिळत असे. त्यावरचा उंचवटा मागे काचेकडे तोंड करून उघडा होता. बघणाऱ्याला वाटावे, हे धुराडे. इथून गरम वारा बाहेर पडत असणार. प्रत्यक्षात ते तोंड होते. काचेपाशी साचलेला थंड वारा तिथून आत घेऊन इंजिनाला पाजीत.

माझ्या मामांकडे एक जुनी मोटार होती. आपल्याकडच्या घाटांत तेव्हाच्या गाड्या तापत, हे त्या पिढीतल्या कोणालाही सांगायला नको. बोरघाटात वळणावळणाला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, फडक्याने रेडिएटरचे झाकण धरून तोंड फिरवणारे ड्रायव्हर आणि झऱ्यावरून डबा भरून आणणारा क्लीनर हे तिथले नेहमीचे दृश्य होते. मामांनी एका मिस्त्रीच्या सल्ल्याने बॉनेटच्या मागच्या कडेखाली, बिजागरीपाशी, लाकडाचे दोन ठोकळे घातले. काचेपाशी दोन बोटे फट राहिली. घाटात खरेच गाडी कमी तापू लागली आणि मामा मिशीवर ताव देऊ लागले. पण पुण्याच्या पुढे सपाट सडकेवर वेग धरला की काटा पुन्हा चढे. मामांनी पेट्रोलला दोष दिला, मग हवेला दिला. खरी गोष्ट अशी की घाटात बैलगाडीच्या वेगाने चढताना वाऱ्याचा दाब नगण्य असतो. गरम हवा हलकी, ती जी फट मिळेल तिच्यातून आपली आपण वर जाते. सपाटीला वेग आला की काचेपाशी दाब साचे, ठोकळ्यांच्या फटीतून वारा आत शिरे आणि रेडिएटरमधून येणाऱ्या वाऱ्याला तोंडावरच अडवी. घाटातले धुराडे सपाटीला दार होत होते. मामांना मी हे पुष्कळ वर्षांनी समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “पण घाटात चालत होतं की नाही?”

आज हौशी मंडळी बॉनेट कापण्याआधी एक साधी युक्ती करतात. लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीने बॉनेटभर लावतात आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून छायाचित्रे घेतात. धागे जिथे मागे सरळ लोळतात तिथे वारा नीट वाहतो. जिथे ते भांबावल्यासारखे उभे राहतात किंवा उलटे फिरतात तिथे तो साचलेला असतो. पाण्याच्या नळीने दाबही मोजता येतो. दहा-वीस रुपयांच्या लोकरीने हजारोंचा पत्रा वाचतो. शिवाय पावसाचा विचार करावा लागतो. झरोका विजेच्या जोडण्यांवर नको.

शेल्बीच्या कारखान्यात यापेक्षा मोठी विवंचना होती. कोब्रा अमेरिकेत जिंके, युरोपात हरे. ल मांला जवळजवळ सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता होता. तिथे उघड्या टपाची कोब्रा वाऱ्याशी झुंजत ताशी १६० मैलांच्या आसपास अडे आणि फेरारीच्या ‘जीटीओ’ गाड्या तिला मागे टाकून जात. पीट ब्रॉक हा शेल्बीचा पहिला पगारी नोकर. त्याने नियमांत एक फट शोधली: सांगाडा तोच ठेवला तर वरचे शरीर बदलायला मुभा होती. १९६३ च्या अखेरीस त्याने शर्यतीत मोडलेल्या एका कोब्राचा सांगाडा घेतला, त्यावर चालक केन माइल्सला बसवले, त्याच्या डोळ्यांपुढे काच कुठे यावी ते ठरवले, आणि तिथून बाकीची आकृती काढली. शेपटी आखूड आणि कापल्यासारखी. जर्मन संशोधक वुनिबाल्ड काम याचे जुने सिद्धान्त त्याने वाचले होते. कारखान्यातल्या बहुतेकांना ते ध्यान कुरूप वाटले. विमानांच्या एका जाणत्याने तर हे चालणार नाही असेच सांगितले. शेल्बीने तरुणाची बाजू घेतली.

मला त्या गाडीत सर्वांत आवडते ते बॉनेट. ब्रॉकने रेडिएटर पुढे कलता बसवला आणि त्यातून निघणाऱ्या वाऱ्याला इंजिनाच्या खोलीत मुळी सोडलेच नाही. बंद वाटेने त्याला सरळ वर नेले आणि बॉनेटच्या पुढच्या भागात एका रुंद तोंडातून बाहेर काढले, नेमके जिथे बाहेरचा दाब कमी तिथे. बाहेरचा वाराच आतल्याला ओढून नेऊ लागला. आणखी एक लाभ झाला: बॉनेटखाली कोंडणारा वारा नाक वर उचलू पाहतो, ते उचलणे कमी झाले. १९६४ च्या १ फेब्रुवारीला रिव्हरसाइडच्या मैदानावर माइल्सने गाडी बाहेर काढली आणि उघड्या कोब्रापेक्षा फेरीमागे साडेतीन सेकंद वाचवून परत आला. शर्यतीच्या जगात साडेतीन सेकंद म्हणजे एक युग. टवाळी करणारे त्या दिवसापासून कामाला लागले.

पण उष्णता ही अशी पाहुणी आहे की एका दाराने घालवली तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. १६ फेब्रुवारीला डेटोना येथे गाडीची पहिली शर्यत होती. म्हणूनच तिला पुढे ‘डेटोना कूपे’ नाव पडले. ती आघाडीवर होती. पुढचा वारा नीट वाहत होता. मात्र बंद शरीराच्या मागच्या भागात, चाकांना गती वाटून देणारी डिफरन्शियल नावाची दातेरी पेटी तापत चालली होती. गाडी थांब्यावर आली, पेट्रोल भरताना ते सांडले, तापलेल्या पेटीवर पडले आणि भडका उडाला. काम करणारा मेकॅनिक भाजला. शर्यत तिथेच संपली. समोरच्या झरोक्याचे कौतुक करताना ही आग विसरू नये. चालकांचेही हाल होत; बंद टपाखाली, इंजिनाच्या मागे बसून तासन्‌तास पाय भाजून घ्यावे लागत, आणि त्यांना वारा मिळावा म्हणून पुन्हा पत्र्यात वाटा काढाव्या लागल्या.

महिन्याभराने सेब्रिंगला हीच गाडी आपल्या वर्गात पहिली आली. बॉब होल्बर्ट आणि डेव्ह मॅकडॉनल्ड तिचे चालक. मॅकडॉनल्ड त्याच वर्षीच्या ३० मे रोजी इंडियानापोलिसच्या शर्यतीत, वेगळ्या गाडीत, आगीत गेला.

जूनमध्ये ल मां. डॅन गर्नी आणि बॉब बॉन्ड्युरंट यांच्या कूपेने सरळ रस्त्यावर ताशी १८० मैलांपलीकडे वेग घेतला. रात्री तेल थंड करणारा छोटा रेडिएटर निकामी झाला. मेकॅनिकांनी तो बाजूला काढून नळी थेट जोडली, आणि तिथून पुढे दोघांनी तेलाच्या काट्याकडे डोळा ठेवून, पाय आवरून गाडी हाकली. जोर करावा तर इंजिन जाईल, आवरावे तर फेरारी येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकूण चौथे आणि आपल्या वर्गात पहिले आले. त्यांच्या पुढच्या तिन्ही गाड्या फेरारीच्याच होत्या, पण वेगळ्या वर्गातल्या. जीटीओ मागे राहिल्या.

त्या वर्षीचे अजिंक्यपद तरीही फेरारीकडेच गेले. नियमांच्या भांडणात मोंझाची शर्यत रद्द झाली आणि कोब्राची संधी हुकली. पुढच्या वर्षी, ४ जुलै १९६५ रोजी, फ्रान्समधील रॅंस येथे शेल्बीच्या गाड्यांनी ते पद मिळवले. अमेरिकेचा तो स्वातंत्र्यदिन. अशा कूपे एकूण सहाच बनल्या: पहिली कॅलिफोर्नियात, बाकीच्या पाचांचे पत्रे मोदेनात ठोकले गेले. मोदेना हे फेरारीच्या अगदी अंगणातले गाव. इटालियन कारागिरांनीच फेरारीला हरवणाऱ्या गाडीचे अंग घडवले.

मग फोर्डचे लक्ष मोठ्या ‘जीटी ४०’ कडे गेले आणि कूपे एकदम जुन्या झाल्या. १९६५ च्या नोव्हेंबरात पहिली कूपे युटाच्या बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर नेली. गुडइयर या टायरच्या कंपनीने ते मैदान राखून ठेवले होते, आणि प्रतिस्पर्धी फायरस्टोनला ते मिळू नये म्हणून त्यावर काहीतरी धावत ठेवायचे होते. शर्यतींत झिजलेली ती गाडी क्रेग ब्रीडलव्हच्या हाती दिली. ती मिठावर गोल गोल धावली आणि सहज म्हणून बरेच विक्रम करून बसली. त्यानंतर तीस-एक वर्षे ती लोकांच्या नजरेआड होती. २००१ च्या सुमारास ती पुन्हा उजेडात आली, आणि २०१४ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिलेच नाव तिचे लागले. फिलाडेल्फियाच्या सिमिओनी संग्रहालयात ती ठेवली आहे. तिचा रंग उडालेला, पत्रा ठिकठिकाणी पोचलेला. तो मुद्दाम तसाच राखला आहे. बॉनेटवरचे रुंद तोंड मात्र उघडे आहे, आणि वाकून पाहिले तर आत कललेला रेडिएटर दिसतो.